हसायचं कुठल्या पायरीवरून?

एक मध्यमवयीन कारकून संध्याकाळी कामावरून परतताना लाल एनॅमल रंगाचे दोन डबे घेऊन घरी येतो. या रंगाची त्यानं फार तारीफ ऐकलेली असते. आधी तो बागेतल्या कुंड्या रंगवतो. त्या झकास दिसतात, म्हणून मोलकरणीच्या खोलीत जाऊन तिचं हातपाय धुण्याचं मेज, टॉवेलची घोडी आणि खणांचं कपाट रंगवून टाकतो. मोलकरीण म्हणते, होतं तसंच बरं होतं की. हा मनात म्हणतो, खालच्या वर्गाला चवच नाही. मग कोळशाची बादली. मग शेक्सपिअरच्या ग्रंथांच्या झिजलेल्या पाठी. शेवटी न्हाणीघरातला टब. दोन दिवसांनी कढत पाण्यात अंग शेकत पडला असताना सहज हात वर काढतो, तर हात रक्तानं माखलेला! शीर फुटली, संपलं सगळं. घंटा वाजवून कुणाला तरी बोलवावं म्हटलं, तर न्हाणीघरात घंटाच नाही. मग डोक्यात प्रकाश पडतो: रक्त नव्हे, रंग. उकळत्या पाण्यात टबाचा रंग विरघळलाय.

या माणसाचं नाव चार्ल्स पूटर. राहणार 'द लॉरेल्स', ब्रिकफील्ड टेरेस, हॉलोवे, उत्तर लंडन. तो लंडनच्या 'सिटी'त, म्हणजे तिथल्या व्यापारी पेठेत, पर्कपसाहेबांच्या पेढीवर वीस वर्षं इमानानं खर्डेघाशी करतोय. त्याची रोजनिशी, 'द डायरी ऑफ अ नोबडी', मे १८८८ पासून जवळजवळ वर्षभर 'पंच' या विनोदी साप्ताहिकात तुकड्यातुकड्यांनी आली. १८९२ साली ब्रिस्टलच्या ॲरोस्मिथ या प्रकाशकानं पुढचा भाग जोडून तिचं पुस्तक केलं. लिहिणारे दोघे सख्खे भाऊ, जॉर्ज आणि वीडन ग्रोसमिथ. पुस्तकातली चित्रं वीडनची. दोघांचंही पोट नाटकावर चालायचं, लेखन हा जोडधंदा.

माझा एक काका डोंबिवलीला राहायचा. दारं-खिडक्या रंगवून झाल्यावर हिरव्या ऑइलपेंटचा अर्धा डबा उरला, तेव्हा त्यानं आधी स्टूल रंगवलं, मग रेडिओची फळी, मग पोळपाटाचे पाय आणि काकू माहेरी गेल्याची संधी साधून तिच्या शिवणयंत्राचं पायडल. पूटरची रोजनिशी पहिल्यांदा वाचली तेव्हा आधी हसू आलं आणि मग काका आठवला. दुसऱ्यांदा वाचताना काका आधी आठवला आणि हसू जरा घशातच अडखळलं. आपण हसतोय ते कुणाला आणि कुठं उभं राहून, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही.

रूढ उत्तर सोपं आहे. उपनगरातल्या क्षुद्र, आत्मसंतुष्ट, प्रतिष्ठेला हपापलेल्या कारकुनाची टर उडवणारं हे पुस्तक, असं समजलं जातं. इंग्रजीत 'पूटरिश' हा शब्दच रूढ झाला, शब्दकोशात जाऊन बसला. कुणाला 'पूटरिश' म्हटलं की तो किरकोळ गोष्टींना भलतं महत्त्व देणारा, स्वतःच्या हास्यास्पदपणाचा पत्ताच नसलेला माणूस ठरतो. आता शिवी म्हणून शब्द चांगला आहे, नेमका आहे. पण तो वापरणारा आपोआप एक पायरी वर चढतो, आणि मला संशय आहे तो त्या पायरीचा.

त्या काळी अशा पायऱ्या फार होत्या. लंडन शहर रेल्वेच्या रुळांवरून चहूबाजूंनी पसरत होतं. विटांच्या मातीसाठी खणलेल्या शेतांवर त्याच विटांच्या घरांच्या रांगा उठत होत्या. 'ब्रिकफील्ड टेरेस' या नावातच ती गंमत आहे. १८७० च्या शिक्षण कायद्यानं वाचता-लिहिता येणारी पिढी तयार झाली आणि बँका, विमा कंपन्या, आडत पेढ्या यांना हजारो कारकून हवेच होते. हा नवा माणूस मजूर नव्हता, कारण त्याची कॉलर पांढरी होती. आणि सभ्य गृहस्थही नव्हता, कारण ती कॉलर त्याला स्वतःच्या मोजक्या पगारातून धुऊन घ्यावी लागायची. वरच्यांना तो घुसखोर वाटला. 'पंच'मध्येच ई. जे. मिलिकन यांनी 'ॲरी' नावाचा एक उडाणटप्पू, भडक कपड्यांचा छोकरा वर्षानुवर्षं चालवला होता. १९०५ मध्ये टी. डब्ल्यू. एच. क्रॉसलंड या गृहस्थांनी तर उपनगरवासीयांना झोडपायला अख्खं पुस्तक लिहिलं. समीक्षक जॉन कॅरी यांनी १९९२ मध्ये या साऱ्या प्रकाराचा पंचनामा केला. १८८० ते १९३९ या काळात इंग्लंडातल्या बुद्धिवंतांना नव्यानं साक्षर झालेल्या जनतेचा आणि तिच्या उपनगरांचा किती तिटकारा होता, ते त्यांनी दाखवून दिलं. त्यांचा सूर कधी कधी सरकारी वकिलासारखा लागतो, पण पुरावा भक्कम आहे.

ई. एम. फॉर्स्टर घ्या. माणूस सहृदय, उदारमतवादी. पण त्यांच्या 'हॉवर्ड्स एंड' (१९१०) मधल्या लिओनर्ड बास्ट या कारकुनाचं काय होतं? तो संस्कृतीच्या मागं लागतो, मैफलींना जातो, रस्किन वाचतो, आणि शेवटी पुस्तकांचं कपाट अंगावर कोसळून मरतो. पूटर शेक्सपिअर रंगवतो आणि सुखानं झोपतो. ग्रंथांशी कारकुनाचं नातं काय असावं यावर या दोन पुस्तकांनी दिलेली ही दोन उत्तरं. कोणतं जास्त दयाळू, हे मला विचाराल तर मी लाल रंगाच्या बाजूनं आहे.

आता एव्हलिन वॉ. १९३० मध्ये वॉनं लिहिलं की पूटरची रोजनिशी हे जगातलं सगळ्यात विनोदी पुस्तक आहे. पुढं 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' या कादंबरीत त्यानं ते एका उमरावाच्या प्रासादात नेलं. घरावर संकटाची छाया आहे, मुलगा दारूत बुडतोय, आणि लेडी मार्चमेन आपल्या सुंदर आवाजात कुटुंबाला हीच रोजनिशी वाचून दाखवते. रंगीत टबातला पूटर, आणि त्याला ऐकत शेकोटीभोवती बसलेली सरदारांची मुलं! वरून खाली हसणं याहून स्पष्ट काय असणार? पण वॉ स्वतः कुठला? बाप प्रकाशन संस्थेत, घर लंडनच्या उत्तरेला. त्या घराचा टपालपत्ता गोल्डर्स ग्रीन या नव्या उपनगरात जमा झाला, आणि तरुण वॉ आपल्या पत्रांवर 'हॅम्पस्टेड'चा भारदस्त शिक्का उमटावा म्हणून टेकडी चढून तिकडच्या पेटीत पत्रं टाकायला जायचा, असं सांगतात. हा मजकूर तारखेसकट पूटरच्या रोजनिशीत घाला, शिवणही दिसणार नाही. वॉला हे पुस्तक एवढं आवडलं ते त्याला वरून पाहता येत होतं म्हणून नव्हे. तो नेमका कुठून वर चढला ते त्यात लिहिलेलं होतं, म्हणून.

माझं म्हणणं असं की या विनोदाचं उगमस्थान आत आहे, घराच्या आत. हे ठरवायला लिहिणाऱ्यांकडंच पाहावं लागतं.

जॉर्ज ग्रोसमिथचा जन्म १८४७ चा, लंडनमधल्या इझलिंग्टनचा. पूटरचं हॉलोवे तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. वडिलांचं नावही जॉर्जच. ते दिवसा बो स्ट्रीटच्या पोलीस कोर्टात वर्तमानपत्रांसाठी बातमीदारी करायचे आणि रात्री गावोगावच्या वाचनालयांत, सभागृहांत विनोदी व्याख्यानं द्यायचे. मुलानं दोन्ही गाद्या चालवल्या. दिवसा कोर्ट, रात्री पियानोवर बसून गाणी आणि नकला. १८७७ मध्ये संगीतकार आर्थर सलिव्हनकडून 'द सॉर्सरर' या संगीतिकेत काम करायचं बोलावणं आलं, तेव्हा जॉर्जला पहिली काळजी कसली पडली? रंगभूमीवर पाय ठेवला तर धर्मभीरू तरुण मंडळांतले आपले सोज्ज्वळ कार्यक्रम सुटतील, याची! तिशीच्या उंबरठ्यावरचा हा गृहस्थ, इंग्लंडचा सगळ्यात लाडका विनोदी नट होण्याच्या पायरीवर उभा राहून हिशेब करत होता की ही नोकरी धरावी तर ती मिळकत जाते.

त्यानं नोकरी धरली. पुढची बारा वर्षं गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या संगीतिकांतली किरकोळ देहयष्टीची, भराभर गाणारी प्रमुख विनोदी पात्रं त्याची. 'एच.एम.एस. पिनाफोर' (१८७८) मधला सर जोसेफ पोर्टर तर पाहण्यासारखा आहे. तो आरमाराचा मंत्री आहे, पण सुरुवात केलीय वकिलाच्या कचेरीतल्या पोऱ्यापासून. दाराच्या मुठी चकाकवत, कागद नकलत तो चढत चढत असा काही वर गेला की समुद्र न पाहता राणीच्या आरमाराचा प्रमुख झाला. प्रेक्षक फिदीफिदी हसत, कारण नुकतेच, १८७७ मध्ये, पुस्तकविक्रीच्या धंद्यातले डब्ल्यू. एच. स्मिथ खरोखरच आरमारमंत्री झाले होते. कारकून वर चढला तर हसायचं, चढला नाही तरी हसायचं. जॉर्ज रोज रात्री पहिलं हसू मिळवत होता. दहा वर्षांनी त्यानं दुसरं लिहायला घेतलं.

आणि त्याला स्वतःला भीती वाटायची. १८८५ च्या मार्चमध्ये 'द मिकाडो'चा पहिला प्रयोग झाला, त्या रात्री सलिव्हननं रोजनिशीत नोंद केली की सगळं छान पार पडलं, फक्त ग्रोसमिथच्या घाबरण्यानं नाटक आपटता आपटता वाचलं. मोठ्यांच्या दिवाणखान्यात पियानोवर बसून त्यांना हसवणं, हाही त्याचा धंदा. अशा घरात विदूषक पाहुणाही नसतो आणि नोकरही नसतो. तो जेवायच्या टेबलावर असला तरी बाकीच्यांचे डोळे पियानोकडे लागलेले असतात. १८८८ मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं, त्याला नाव दिलं 'अ सोसायटी क्लाउन', म्हणजे बड्यांच्या बैठकीतला विदूषक. त्याच साली 'पंच'मध्ये पूटर सुरू झाला. आणि त्याच साली ऑक्टोबरात 'द योमेन ऑफ द गार्ड'मध्ये जॉर्जला भूमिका मिळाली जॅक पॉइंटची. हा भटका विदूषक काळीज फाटलं तरी विनोद करतो, कारण भाकरी त्याचीच मिळते. एकाच वर्षात तीन विदूषक, आणि तिन्ही त्याच एका सडपातळ, घाबरट माणसाच्या अंगातले. प्रतिष्ठा म्हणजे काय, ती किती चटकन फाटते आणि फाटल्यावर माणूस चेहरा कसा ठेवतो, हे ज्याला रोज रात्री पैशाच्या मोबदल्यात अभ्यासावं लागतं, तो कारकुनाकडं तुच्छतेनं पाहील कसा?

धाकटा वीडन, जन्म १८५४. त्याला चित्रकार व्हायचं होतं. स्लेड आणि रॉयल अकादमीच्या शाळांत शिकला, व्यक्तिचित्रं काढली, ती प्रदर्शनांत लागलीही. पण भिंतीवर लागणं वेगळं आणि विकणं वेगळं. १८८५ मध्ये त्यानं ब्रश ठेवला आणि नटांच्या कंपनीबरोबर दौऱ्यावर निघून गेला. रंगमंचावर त्याची खासियत कोणती ठरली? बावळट, चिंतातुर, अंगापेक्षा बोंगा मोठा असलेली छोटी माणसं. यात नशिबानं केलेली थट्टा आहे, पण कामाला ती उपयोगी पडली.

जॉर्जच्या कोर्टातल्या बातमीदारीकडे टीकाकार मला वाटतं फार घाईनं पाहतात. १८८४ मध्येच त्यानं 'पंच'साठी बो स्ट्रीट कोर्टावर नकला लिहिल्या होत्या. पण खरी शिदोरी वेगळी होती. कोर्टाचा बातमीदार काय करतो? कुणीतरी कुणाची टोपी उडवली, कुणी भाडं बुडवलं, दोघी शेजारणींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. तो हे सगळं सरळ चेहऱ्यानं, तारीख-वेळेसकट, विशेषणं न लावता लिहून घेतो. हसणं वाचकानं हसायचं. पूटरची रोजनिशी हुबेहूब अशी आहे, फक्त एका फरकासह: इथं बातमीदार आणि आरोपी एकच. पूटर स्वतःच्या फजितीची साक्ष शपथेवर दिल्यासारखी देतो. तो काही लपवत नाही, सजवत नाही. शर्टाच्या विरलेल्या कफांवर सुचलेला एक फुसका श्लेष बायकोला ऐकवून दोघं पोट धरून हसली, हेही तो नोंदवतो. खोटारडा माणूस हे लिहीत नाही. दिखाऊ माणूस तर नाहीच नाही. 'पूटरिश' शब्दाच्या व्याख्येत हे कुठंच येत नाही.

मॅन्शन हाऊसमधला नाच जवळून पाहू. लंडनच्या लॉर्ड मेयरकडून पूटर दांपत्याला निमंत्रण येतं. पूटरचं काळीज लहान पोरासारखं धडधडायला लागतं. ते कार्ड कौतुकानं बायकोच्या, म्हणजे कॅरीच्या, आईकडं पाहायला पाठवलं जातं आणि पोर्ट वाइनचा डाग घेऊन परत येतं. समारंभाच्या रात्री झगमगत्या दालनात ओळखीचं कुणी दिसत नाही. दिसतो तो एकच: फार्मरसन, लोखंडी सामानवाला. घराच्या पायरीशी बुटांचा चिखल खरवडायची पट्टी असते, तिला येणारा-जाणारा ठेचकाळत असतो, आणि तिच्या दुरुस्तीला यायचा तो हाच. आणि हा इथं नुसता हजर नाही, तर दरबारी पोशाखातला एक शेरीफ त्याच्या पाठीवर जुन्या दोस्तासारखी थाप मारतो! पूटरला हा धक्का पचत नाही. मग नाचताना त्याचे नवे गुळगुळीत बूट सटकतात आणि तो कॅरीला घेऊन भुईवर. सावरायला, तिला बसवायला पुढं येतो तो डार्विट्स नावाचा एक गृहस्थ. पुढं स्थानिक वर्तमानपत्रात उपस्थितांची यादी छापून येते, त्यात यांचं नाव नाही. पूटर पत्र लिहितो. दुरुस्ती छापली जाते, पण आडनाव चुकवून. पुन्हा पत्र. पुन्हा चूक, आणि यावेळी संपादकाचा वैताग फुकट.

इथं आपण कुणाला हसतो? लोखंडी सामानवाल्यालाही बोलावलेलं पाहून ज्याच्या निमंत्रणाची किंमत उतरते, त्या पूटरला, हे उघड आहे. पण त्या दालनातल्या सगळ्यांचीच किंमत दुसऱ्या कुणाला न बोलावण्यावर ठरत होती. पूटरनं फक्त ते लिहून ठेवलं. वरच्या वर्गाची सगळी शान दाराबाहेर उभ्या असलेल्यांच्या संख्येवर तोललेली असते, ही गोष्ट तो एखाद्या समाजशास्त्रज्ञापेक्षा सोप्या भाषेत सांगून जातो, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. अर्थात, ग्रोसमिथ बंधूंना हे सगळं ठरवून सांगायचं होतं असं मी म्हणत नाही. त्यांना हसवायचं होतं.

या पुस्तकाला डोक्यावर घेणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, आणि मीही ती टाळणार नाही. पूटरची प्रतिष्ठा कशावर उभी आहे? सारावर. त्या घरात एक मोलकरीण आहे, म्हणूनच तो कारकून 'गृहस्थ' आहे. तिच्या खोलीतलं कपाट तिला न विचारता रंगवण्याचा हक्क, आणि तिला ते आवडलं नाही तर तिच्या अभिरुचीची कीव करण्याचा हक्क, हा त्याच्या आयुष्यातला एकमेव बिनशर्त हक्क आहे. कचेरीत तो वाकतो, कसायाच्या आणि चीजवाल्याच्या माणसांकडून बोलणी खातो, पोटचा पोरगा त्याला चिडवतो. सारापुढं तेवढा तो साहेब. विनोद आतून आलाय हे माझं म्हणणं इथं येऊन थोडं लंगडतं, कारण आत म्हणजे दिवाणखान्यापर्यंत. माडीवरच्या खोलीत काय वाटत होतं ते दोन्ही भावांनी एका वाक्यापुढं ऐकलं नाही. कॅरीच्या बाबतीतही तेच. तिचं डोकं नवऱ्यापेक्षा तल्लख आहे हे पानोपानी दिसतं, पण लेखणी तिच्या हाती नाही. कीथ वॉटरहाऊसनं ती १९८३ मध्ये दिली, 'मिसेस पूटर्स डायरी' लिहून. नव्वद वर्षं उशीर.

दुसरा आक्षेप शेवटावर. ल्युपिन, म्हणजे चिरंजीव, ओल्डमच्या बँकेतून हाकलले जाऊन घरी येतात. हौशी नाटक मंडळी, डेझी मटलर नावाची पोरगी, 'पॅराचिका क्लोरेट्स' नावाचे शेअर, भारी भारी कपडे. बाप वीस वर्षं खपून पगारवाढीसाठी डोळे लावून बसलेला, आणि मुलगा मालकाचं गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीच्या घशात घालून त्याच पेढीवर वर्षाला दोनशे पौंडांची नोकरी पटकावतो! मग पूटर आपल्या ओळखीतून एक मोठं गिऱ्हाईक पर्कपसाहेबांना मिळवून देतो, आणि साहेब खूश होऊन 'द लॉरेल्स'ची कायमची मालकीच त्याला बक्षीस देतात. इमानाचं फळ. मार्क्सवादी समीक्षक इथं नाक मुरडणार, आणि त्यांचं चुकतं असं नाही: मालक दयाळू निघाला म्हणून जग न्यायी ठरत नाही. पण मला या शेवटातला गोडवा तितका भाबडा वाटत नाही. पूटरला जे मिळालं ते कुठलं घर? मागच्या बाजूनं रेल्वे जाते, बागेची भिंत त्या हादऱ्यांनी तडकते आणि त्याबद्दल घरमालकानं भाड्यात दोन पौंडांची सूट दिलेली, ते हे घर. मिळालं ते एवढंच, आणि त्याला ते पुरेसं आहे. ल्युपिन तोवर बेझवॉटरला राहायला गेलेला असतो, श्रीमंतांच्या वस्तीत. पुढचं शतक कुणाचं होतं हे सांगायला नको. ल्युपिनचंच. आजच्या मुंबईत शेअरबाजाराचं ॲप उघडून बसलेल्या चिरंजीवांना वडिलांनी बँकेतल्या मुदत ठेवीचं महत्त्व पटवून देणं, हा प्रवेश नव्यानं लिहायचीही गरज नाही.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटत नाही, याचं कारण आपल्याकडं हाच माणूस दोनदा जन्मला. चिं. वि. जोशी यांचा जन्म १८९२ चा, म्हणजे पूटरचं पुस्तक निघालं त्याच सालचा. नुसता योगायोग, पण लोभस. त्यांचा चिमणराव पूटरसारखाच बोलत सुटतो, पूटरसारखाच फसतो आणि स्वतःच सांगतो. पु. ल. देशपांड्यांच्या 'असा मी असामी'तला धोंडोपंत जोशी तर सख्खा चुलतभाऊ शोभावा. कंपनीतला कारकून, आणि मोठ्यांनी आत्मचरित्रं लिहायची तर आपण का नाही, या धिटाईनं लिहायला बसलेला. पूटरही पहिल्या पानावर नेमका हाच सवाल करतो. पु.लं.नी तो तिथून उचलला असं मला मुळीच सुचवायचं नाही. जिथं रेल्वे, कचेरी, भाड्याचं घर आणि थोडी शाळा एकत्र येते तिथं हा माणूस आपोआप उगवतो. फरक आहे तो वाचकांत. धोंडोपंतांना हसताना 'हे आपलंच' असं आपण मोकळेपणी म्हणतो. इंग्रजांनी मात्र पूटरच्या नावाचं विशेषण केलं आणि ते शेजाऱ्याला चिकटवलं.

सगळ्या इंग्रजांनी नाही. पहिल्या आवृत्तीचं स्वागत तसं कोमटच होतं, पण हळूहळू वाचक जमत गेले. त्यांत माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबरी होते, आणि निबंधकार व मंत्री ऑगस्टीन बिरेलही होते. बिरेलसाहेबांनी पूटरला थेट डॉन किहोटेच्या शेजारी नेऊन बसवलं. आणि आपल्या आडनावाचं एक पात्र पुस्तकात आहे याचा त्यांना कोण अभिमान! ते पात्र म्हणजे पूटरांकडं वरकामाला येणारी मोलकरीण. पायरीचा माझा प्रश्न मंत्रिमहाशयांना पडलाच नाही. ते सरळ तळघरात जाऊन उभे राहिले.

जॉर्जनं पुढं आणखी एक आत्मचरित्र लिहिलं, 'पियानो अँड आय'. १९१२ मध्ये तो फोकस्टनला वारला. पाठोपाठ १९१३ मध्ये वीडनचं 'फ्रॉम स्टुडिओ टू स्टेज' आलं, आणि १९१९ मध्ये तोही गेला. दोघांची मिळून तीन आत्मचरित्रं, नामांकित लोकांच्या भेटीगाठींनी भरलेली. ती आज संशोधक वाचतात.

रोजनिशीत एके ठिकाणी पाच-सहा आठवड्यांचा मजकूरच नाही. पूटरला कळतं की पानं कुणीतरी फाडलीयत. घरभर चौकशी होते. साराला विचारतो, ती कानावर हात ठेवते. संशय वरकामाच्या मिसेस बिरेलवर. पण तिनं ती पानं कशाला घ्यावीत? तो फार कष्टी होतो, कारण त्याची आशा होती की आपल्या माघारी ही रोजनिशी छापली जाईल आणि बायका-पोराला चार पैसे मिळतील. हे तो संध्याकाळी बोलून दाखवतो, आणि कॅरी व ल्युपिन खो खो हसत सुटतात. हसू आवरल्यावर ल्युपिन बापाला सांगतो की वहीचा कागद जरा मोठा असता तर लोण्याच्या पुड्या बांधायला दुकानदारानं चांगली किंमत दिली असती. पूटर हेही, तारीख घालून, लिहून ठेवतो.